जड मासा गळाला लागल्यावर रीलचे हँडल का मोडते आणि ते कसे टाळावे: नागपूर परिसरातील नवशिक्यांसाठी

रील, म्हणजे गळाची दोरी गुंडाळणारे यंत्र, विकत घेताना हँडलकडे फारसे कोणी पाहत नाही. बेअरिंग किती आहेत, ड्रॅग (ठरावीक ताणाला दोरी सुटू देणारी व्यवस्था) किती किलोचा आहे, वजन किती आहे हे दुकानात हमखास विचारले जाते. हँडल रीलच्या आत कसे बसवले आहे, हा प्रश्न क्वचितच येतो. पुढे एखाद्या दिवशी सहा-सात किलोचा कटला लागतो, बांधाच्या दगडी पिचिंगपर्यंत, म्हणजे उतारावरच्या दगडी अस्तरापर्यंत, येतो, आणि नेमक्या त्या वेळी हँडल हातात मोकळे फिरू लागते किंवा मुळाशी तुटून हातातच येते. मग दोष माशाच्या ताकदीला दिला जातो. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे एकदा नीट कळले की हँडल वाचवण्याचे बहुतेक उपाय आपले आपणच सुचू लागतात.

मासा दोरी ओढतो तेव्हा तो ताण स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या रिळावर, येतो. ताण ड्रॅगच्या मर्यादेबाहेर गेला की स्पूल घसरतो आणि दोरी बाहेर जाते. हँडल फिरवल्यावर स्पूलभोवती फिरून दोरी गुंडाळणारा रोटर त्या वेळी उलटा फिरू नये म्हणून आत अँटी-रिव्हर्सची क्लच असते आणि रोटरवरचा भार ती धरून ठेवते. म्हणजे अँटी-रिव्हर्स चालू असेल आणि आपण हँडल फिरवत नसाल, तर माशाचा जोर हँडलपर्यंत पोहोचतच नाही. हँडलवर भार येतो तो आपण ते फिरवतो तेव्हाच. दुसऱ्या शब्दांत, माशाच्या ओढीने हँडल मोडत नाही. ते आपल्याच हाताच्या जोराने मोडते.

हा जोर किती असतो, याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. हँडलच्या एका फेऱ्यात किती सेंटिमीटर दोरी गुंडाळली जाते हा आकडा बहुतेक चांगल्या रीलच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर छापलेला असतो. समजा तो 82 सेंटिमीटर आहे. हँडलच्या आसापासून मुठीपर्यंतचे अंतर साडेपाच सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यात आपला हात साधारण साडेचौतीस सेंटिमीटर फिरतो. 82 ला साडेचौतीसने भागले की 2.4 येते. याचा अर्थ असा की दोरीवर एक किलो ताण असेल तर मुठीवर सुमारे 2.4 किलो जोर द्यावा लागतो, आणि गिअरमधले घर्षण धरले तर त्याहून थोडा अधिकच. दोरीवर तीन किलो ताण असताना हा जोर सात किलोंच्या पुढे जातो. आठ किलो ताणाला तो एकोणीस किलोंवर पोहोचतो. एका फेऱ्यात एक मीटर दोरी गुंडाळणारी वेगवान रील असेल, तर तेवढ्याच लांबीच्या हँडलवर आठ किलोंसाठी तेवीस किलो जोर लागतो. हा सगळा जोर बोटाएवढ्या मुठीवर, तिथून एका बारीक दांड्यावर आणि शेवटी जेमतेम काही मिलिमीटर जाडीच्या आसावर जातो. खोक्यावर छापलेला ‘कमाल ड्रॅग’ म्हणजे तेवढ्या ताणाविरुद्ध हँडल फिरवत राहण्याची परवानगी नव्हे. स्पूल घट्ट आवळल्यावर तो जास्तीत जास्त किती ताण धरू शकतो, एवढेच तो आकडा सांगतो.

याच हिशेबातून एक मोठी दिलासादायक गोष्ट निघते. ड्रॅग तीन किलोवर घसरेल असा लावलेला असेल, तर आपण कितीही जोराने हँडल फिरवले तरी दोरीवरचा ताण तीन किलोंच्या फार पुढे जात नाही, कारण त्याआधीच स्पूल घसरतो. म्हणून योग्य लावलेला ड्रॅग हा घरातल्या फ्यूजसारखा हँडलचेही रक्षण करतो. नवशिके बहुधा हाच फ्यूज काढून टाकतात: मासा दोरी घेऊन चालला की घाबरून ड्रॅग पूर्ण आवळतात, किंवा तळहाताने स्पूल दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने हँडल रेटतात.

हँडलचे प्रकार आणि त्यांचे दुबळे भाग

बाजारातील स्पिनिंग रीलमध्ये, म्हणजे वर सांगितल्यासारखा रोटर असलेल्या रीलमध्ये, प्रामुख्याने दोन प्रकारची हँडले दिसतात. पहिल्या प्रकारात हँडलचा षटकोनी किंवा चौकोनी आस मुख्य गिअरच्या त्याच आकाराच्या भोकातून आरपार जातो आणि पलीकडून स्क्रू-टोपीने आवळला जातो. या हँडलांना दुमडण्यासाठी बहुधा मध्ये सांधा असतो. स्वस्त रीलमध्ये मुख्य गिअर जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, आणि आस व भोक यांच्यामध्ये बारीकशी फट राहते. त्या फटीमुळे प्रत्येक झटक्याला आसाचे कोपरे भोकाच्या कोपऱ्यांवर आपटतात, कोपरे हळूहळू गोल होत जातात आणि एके दिवशी आस भोकात नुसताच फिरतो. दुमडणारा सांधा हा याच हँडलचा दुसरा कच्चा दुवा आहे. टोपी थोडी सैल झाली की सांध्यात ढिलाई येते, त्यातली पिन वाकते, आणि सर्व भार दांड्याच्या एका कडेवर येतो.

दुसऱ्या प्रकारात हँडलच्या आसावर आटे असतात आणि तो थेट गिअरमध्येच पिळून बसवला जातो. येथे फट राहत नाही, आणि पुढच्या दिशेने हँडल फिरवले की आटे आपोआप अधिक घट्ट होतात. अनेक रीलमध्ये एकाच आसावर दोन वेगवेगळ्या जाडीचे आटे दिलेले असतात, एक उजवे आणि एक डावे, म्हणजे हँडल कोणत्याही बाजूला लावले तरी फिरवताना ते आवळतच जाते. या प्रकाराचा दुबळा भाग म्हणजे आट्यांचे मूळ. जिथे आटे संपून आस जाड होतो तिथे ताण एकवटतो, आणि आस तुटतो तो बहुधा त्याच जागी.

माझे स्पष्ट मत असे आहे की कटला, पडीन किंवा मोठा मरळ यांच्यासाठी पहिली रील घेणाऱ्याने इतर वैशिष्ट्यांवर थोडे पाणी सोडावे, पण हँडल पिळून बसवण्याचेच घ्यावे. चार बेअरिंग कमी असलेली रील तक्रार न करता वर्षानुवर्षे चालते. फटीचे हँडल मात्र जड माशांसाठी वापरले की त्याचे आयुष्य पहिल्या दिवसापासूनच मोजके होते.

खरेदीच्या वेळी

दुकानात रील हातात घेतली की रोटर एका हाताने घट्ट धरावा आणि हँडल मुठीशी पकडून हलके मागे-पुढे हलवावे. थोडीशी हालचाल गिअरच्या दात्यांमुळे असू शकते, पण आसाच्या मुळाशी ‘टक टक’ असा आवाज येत असेल तर ती भोकातली फट आहे. मग दांडा रीलच्या अंगापासून बाहेर आणि आत असा दाबून पाहावा. आस बाजूला हलत असेल तर बेअरिंगची बैठक सैल आहे. शेवटी मूठ तिच्या खिळ्यावर फिरते की डगमगते ते पाहावे. नुसत्या ठोकलेल्या रिव्हेटवर बसवलेली मूठ निघाली की पुन्हा नीट बसत नाही. स्क्रूने बसवलेली मूठ उघडून स्वच्छ करता येते आणि बदलताही येते.

गिअरचे गुणोत्तर, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर किती फेरे घेतो, हाही येथे महत्त्वाचा आकडा आहे. 5.2:1 किंवा त्याहून कमी गुणोत्तराची रील जड माशासाठी बरी, कारण 6.2:1 च्या रीलला त्याच ताणासाठी मुठीवर अधिक जोर लागतो. आकाराने 4000 ते 5000 क्रमांकाची रील आपल्याकडच्या धरणांतील मोठ्या माशांसाठी पुरेशी ठरते, मात्र निरनिराळ्या कंपन्यांचे क्रमांक एकसारखे नसतात, म्हणून क्रमांकावर विसंबण्यापेक्षा आसाची जाडी आणि गिअरचा धातू विचारून घ्यावा.

दोरी निवडताना हँडलचा विचार

ज्या काळात साधा तंगूस (नायलॉनची एकसंध दोरी) वापरला जात असे, त्या काळात ओढ अति झाली की दोरी तुटे आणि रील वाचत असे. आता विणलेली दोरी, जिला दुकानात ब्रेडेड लाइन म्हणतात, ती तंगूसाच्या मानाने फारच बारीक असूनही पन्नास-साठ पौंडांचा ताण सहज सोसते. नवशिक्याला वाटते की जितकी बळकट दोरी तितके बरे. परंतु मध्यम आकाराच्या रीलवर अशी दोरी भरली की साखळीतला सर्वांत दुबळा दुवा दोरी न राहता रील होते. म्हणून वीस ते तीस पौंडांच्या वर जाण्याचे फारसे कारण नाही. त्याशिवाय गळाजवळ बांधायचा तंगूसाचा तुकडा मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीचा ठेवावा, म्हणजे गळ अडकल्यास तोच तुकडा आधी तुटेल.

ड्रॅग लावण्याची पद्धत

ड्रॅग अंदाजाने लावू नये. भाजीवाल्याकडे किंवा गॅस सिलिंडर तोलण्यासाठी वापरतात तसा स्प्रिंगचा काटा घ्यावा. दोरी रॉडच्या सर्व कड्यांतून ओवून तिचे टोक काट्याला बांधावे, रॉड मासा खेळवताना धरतो तशी तिरकी धरावी, आणि सोबत्याने काटा सावकाश ओढावा. स्पूल घसरू लागतो तेव्हा काट्यावर जो आकडा दिसतो, तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. वीस पौंड म्हणजे सुमारे नऊ किलो, तेव्हा अशा दोरीसाठी सव्वादोन ते तीन किलो योग्य. काटा बांधलेला असतानाच ड्रॅगची चकती कुठवर फिरवली आहे ते हाताने जाणून घ्यावे, म्हणजे पाण्याकाठी तीच जागा पुन्हा सापडेल. काम संपल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा, नाहीतर आतले वॉशर दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटक्याने सुटतो; असे झटके हँडलला सर्वांत घातक असतात.

मासा ओढताना

जड मासा हँडल फिरवून ओढायचा नसतो. ते काम रॉडचे आहे. रॉड सावकाश वर उचलावी, आणि उचलताना हँडल स्थिर ठेवावे. या वेळी सगळा भार रॉड आणि अँटी-रिव्हर्स यांच्यावर असतो. रॉड साधारण डोक्याच्या उंचीपर्यंत आली की ती हळूहळू खाली न्यावी आणि खाली नेतानाच हँडल फिरवून मोकळी झालेली दोरी गुंडाळावी. खाली नेण्याचा वेग आणि गुंडाळण्याचा वेग जुळला पाहिजे, म्हणजे दोरी ढिली पडत नाही आणि गळही सुटत नाही. मासा पळू लागला की हँडल सोडून द्यावे आणि ड्रॅगला काम करू द्यावे. स्पूल घसरत असताना हँडल फिरवत राहिल्याने मासा एक वीतही जवळ येत नाही. उलट दोरीला पीळ मात्र पडत जातो. ही लय अंगवळणी पडेपर्यंत पाण्याने अर्धी भरलेली बादली मैदानात ओढून सराव करावा, आणि सराव करताना हँडल फिरवणारा हात हलका राहतो की घट्ट होतो याकडे सोबत्याला लक्ष द्यायला सांगावे.

अँटी-रिव्हर्सची कळ रीलवर असेल तर मासा लागलेला असताना ती कधीही बंद करू नये. ती बंद असली की माशाचा प्रत्येक झटका सरळ हँडलवर येतो, हाताच्या बोटांना इजा होऊ शकते, आणि पिळून बसवलेले हँडल उलटे फिरून सैल होऊ शकते.

शेवटचा टप्पा सर्वांत धोक्याचा असतो. मासा पाण्यात असताना त्याचे वजन जवळजवळ जाणवत नाही, कारण त्याच्या पोटातली हवेची पिशवी त्याला तोलून धरते. आपण झगडतो ते त्याच्या पोहण्याच्या जोराशी. पाण्याबाहेर आला की तोच मासा निव्वळ वजन होतो. धरणाच्या दगडी पिचिंगवरून सहा किलोचा कटला रीलने घासत वर ओढायचा म्हटले, तर वरच्या हिशेबाने मुठीवर चौदा किलोंहून अधिक जोर पडतो, त्यात दगडांच्या खाचांत अडकण्याचे झटके वेगळेच. लांब दांड्याची जाळीची झोळी सोबत असावी, सोबत्याने पाण्याच्या कडेला उतरून मासा झोळीत घ्यावा, आणि ओल्या, शेवाळलेल्या पिचिंगवर उतरताना आपल्या पायाखालचीही काळजी घ्यावी.

गळ अडकल्यावर

आपल्या भागात मोठ्या माशापेक्षा अडकलेला गळ अधिक हँडले मोडतो. धरणांच्या बुडीत क्षेत्रात झाडांची खोडे पाण्याखाली उभी असतात, शहराजवळच्या तलावांत जलपर्णीचे जाड थर असतात, आणि कन्हानसारख्या नदीत जुन्या बांधकामांचे दगड व जाळ्यांचे तुकडे पडलेले असतात. गळ अडकला की हँडल फिरवून सोडवण्याचा मोह होतो. त्या वेळी पलीकडे न हलणारे खोड असते आणि अलीकडे आपला हात, आणि बळकट दोरीमुळे दोघांच्या मधली सर्वांत नाजूक वस्तू हँडलचा आस असते.

योग्य रीत अशी: आधी दोरी ढिली सोडून रॉडच्या टोकाने हलके झटके देऊन पाहावेत, मग काठाने दहा-वीस पावले बाजूला जाऊन वेगळ्या कोनातून ओढून पाहावे. त्यानेही निघाले नाही, तर रॉड खाली ठेवून दोरी एका जाड लाकडी दांडक्याला चार-पाच वेढे देऊन गुंडाळावी आणि दांडके दोन्ही हातांनी धरून मागे चालत जावे. विणलेली दोरी हाताला गुंडाळू नये. ती क्षणात बोट कापते. दोरी सुटल्यावर वजन किंवा आमिष बंदुकीच्या गोळीगत परत येऊ शकते, म्हणून तोंड दुसरीकडे वळवावे आणि मागे कोणी उभे नाही याची खात्री करावी.

गळ टाकण्याआधी त्या पाण्याची परवानगी आहे का, हेही विचारून घ्यावे. अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे.

रेती, ऊन आणि दुचाकी

समुद्राचे खारे पाणी आपल्याकडे नाही, त्यामुळे गंजाची भीती किनाऱ्यावरच्या लोकांपेक्षा कमी. त्याची जागा रेतीने घेतली आहे. कन्हानची बारीक रेती हँडलच्या भोकात आणि आट्यांत शिरली की ती घासत राहते, आणि नव्या रीलमध्येही काही महिन्यांत ढिलाई आणते. रील कधीही उघड्या रेतीवर टेकवू नये. घरी आल्यावर हँडल काढून आटे जुन्या टूथब्रशने साफ करावेत, सुती कापडाने पुसावेत आणि ग्रीसचा अगदी पातळ थर लावून परत बसवावेत. जाड ग्रीस लावले तर पुढच्या वेळी तेच रेती धरून ठेवते. हँडल बसवताना पहिले दोन-तीन फेरे बोटांनी, जोर न लावता फिरवावेत. आटे तिरके बसले तर गिअरचेच आटे कापले जातात आणि मग हँडल बदलूनही उपयोग होत नाही.

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो, आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी अधिक. तिथे पडून राहिलेल्या रीलमधले ग्रीस पातळ होऊन ओघळते, मुठीचे प्लास्टिक आणि रबर कडक होऊन तडकते. रील घरात, सावलीत ठेवावी.

आपल्यापैकी अनेक जण खिंडसी किंवा वडगाव धरणाला दुचाकीनेच जातात, रॉड गाडीला आडवी बांधलेली आणि रील तिच्यावरच लटकलेली. खड्ड्यांतून जाताना हँडल गाडीच्या पाइपवर आपटत राहते. त्याने दांड्याला न दिसणारा बाक येतो, आणि ओतीव ॲल्युमिनियममध्ये बारीक तडे पडतात. वारंवार येणारा लहान ताणही ॲल्युमिनियमला कालांतराने तोडतो. पोलादात काही मर्यादेखालचे ताण निर्धास्त सोसले जातात, तशी निश्चित मर्यादा ॲल्युमिनियमला नसते. म्हणून प्रवासात हँडल काढून कापडी पिशवीत ठेवावे आणि रीलच्या भोकावर तिच्यासोबत आलेली टोपी लावावी.

टोपीने आवळलेल्या हँडलची टोपी दर वेळी गळ टाकण्यापूर्वी तपासावी. सांध्याचा लहान स्क्रू वारंवार सैल होत असेल तर मध्यम ताकदीच्या थ्रेड लॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब पुरतो, पण तो बेअरिंगमध्ये किंवा प्लास्टिकवर जाऊ देऊ नये, कारण काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होतात. पिळून बसवायच्या हँडलच्या आट्यांना ते मुळीच लावू नये.

बिघाड ओळखणे आणि पुढची व्यवस्था

हँडल फिरते पण रोटर फिरत नाही, असे झाले तर आस तुटला आहे, भोकाचे कोपरे गेले आहेत किंवा गिअरचे दाते झिजले आहेत. रोटर फिरतो पण मध्येच ‘कट्’ असा आवाज होऊन फेरा निसटतो, तेव्हा दोष हँडलचा नसून बहुधा दात्यांचा असतो; प्लास्टिकच्या अंगाची रील जड भाराखाली किंचित वाकते आणि दाते एकमेकांवरून घसरतात. हँडल अजिबात फिरत नसेल तर आत काहीतरी अडकले आहे, आणि अशा वेळी जोर लावणे म्हणजे एका बिघाडाचे दोन करणे होय.

मासा लागलेला असतानाच हँडल गेले, तरी सर्व काही संपत नाही. बहुतेक आधुनिक रीलमध्ये अँटी-रिव्हर्स रोटरच्या बाजूला असल्यामुळे हँडलशिवायही रोटर उलटा फिरत नाही आणि ड्रॅग चालू राहतो. रॉड उभी धरून सावकाश मागे चालत जावे, सोबत्याने जाड हातमोजे घालून दोरी हाताने आत घ्यावी, आणि मासा पळू लागला की दोरी लगेच सोडून द्यावी.

वाकलेला ओतीव दांडा ठोकून सरळ करू नये. सरळ होताना तो तडकतो आणि पुढच्या जड माशाला तुटतो. हिंगणा किंवा बुटीबोरी परिसरातल्या लेथवाल्याकडून स्टेनलेस स्टीलचा आस करून घेण्याची कल्पना अनेकांना सुचते. आस उत्तम होतो यात शंका नाही, परंतु भोकाचे कोपरे आधीच झिजलेले असतील, तर कठीण आस मऊ गिअरला अधिक लवकर खातो. म्हणून व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) आस आणि भोक दोन्ही मोजावेत, आणि दोहोंत बोटाला जाणवण्याइतकी फट असेल तर हँडल व मुख्य गिअर जोडीनेच मागवावेत. लांब दांड्याचे, मोठ्या गोल मुठीचे हँडल बाहेरून घेऊन लावण्याने हाताला आराम मिळतो, पण त्याच लांबीमुळे हाताचा अधिक पीळ गिअरपर्यंत पोहोचतो. गिअर जस्ताचा असेल तर हा बदल करू नये, आणि करायचाच असेल तर आधी आपल्या रीलच्या आसाचा प्रकार, जाडी आणि आट्यांची दिशा लिहून घेऊन मगच हँडल मागवावे.